दारू सुटली पण साखर लागली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गटारी आणि थर्टी फर्स्ट जवळ आले की पेपरात न पिणाऱ्यांसाठी मॉकटेलच्या रेसिपी येतात, त्याबद्दल लिहितोय. बहुतेकांत सिरप असतं, लेमनेड असतं, वर परत पिठीसाखर, आणि हे मला खरंच खटकतं कारण मी ते भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टर म्हणाले दारू बंद, आणि मी त्याच दिवशी बंद केली. पण मित्रांत बसायचं तर हातात काहीतरी लागतंच, म्हणून कोल्ड्रिंक घ्यायला लागलो, गोड असल्यामुळे घटाघट जायचं, एका बैठकीला दोन-तीन बाटल्या सहज. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले. तेव्हा कळलं की जास्तीच्या साखरेतलं फ्रुक्टोज लिव्हरच निस्तरतं आणि त्याची तिथे चरबी होते. घरी येऊन लेबल वाचलं, १०० मिलीला साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना तर अख्ख्या दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्याच आत राहा म्हणते. टॉनिक वॉटरला पण लोक सोडा समजतात, त्यातही साखर असते.

मग बायकोने कोकमाचा आगळ काढला, सोलकढीसाठी मालवणहून आणलेला. सरबताचं सिरप नव्हे हं, त्यात साखरच जास्त असते, आगळ म्हणजे नुसता रस आणि मीठ. उंच ग्लासात दोन चमचे आगळ, तळहातावर चुरडलेली पुदिन्याची पाच-सहा पानं, थोडा आल्याचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, भरपूर बर्फ, आणि वरून साधा गार सोडा, तो ग्लासाच्या कडेने हळू ओतायचा नाहीतर सगळं फसफसून बाहेर येतं. खाली गडद लाल, वर गुलाबी फेस. आंबट-खारट असल्यामुळे ते घोटघोटच प्यावं लागतं, एक ग्लास तासभर पुरतो, आणि मला बैठकीत नेमकं तेच हवं होतं. बीपीवाल्यांनी मात्र आगळ टाळावा, मीठ फार असतं, त्यांनी बिनमिठाची पाच-सहा आमसुलं रात्री कपभर पाण्यात भिजत घालून ते पाणी वापरावं. कैरी उकडून तिचा गर, वेलची आणि सोडा, हेही गुळाशिवाय छान लागतं.

आपल्याकडे जो पीत नाही त्याला बाटलीतलं उरलेलं, गॅस गेलेलं कोल्ड्रिंक देतात, तो माणूस केवढा निश्चय करून बसलाय हे कुणी बघत नाही. त्याच्यासाठी पाच मिनिटं काढून एक नीट ग्लास बनवला तर त्याला किती बरं वाटतं हे मी सांगू शकतो.

म्हणून विनंती, यंदाच्या गटारीला निदान एक चौकट बिनसाखरेच्या पेयांची छापा, आणि प्रत्येक रेसिपीखाली एका ग्लासात साखर किती ग्रॅम जाते तेही द्या.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली