दोन चुकांची वायर

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला तोंडावर ‘थँक्यू’ म्हटलं की तुम्ही लगेच ‘पाणी आलं का गं तुमच्याकडे?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. तुमच्या सूनबाई वाचून दाखवतील. मधेच उठून गेलात तर जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू करा, असं त्यांना सांगून ठेवलंय.

बाबांची चेतक स्कूटर १९९८ सालची. गेल्या पावसाळ्यापासून तिला एकच खोड लागली होती. सकाळी गार असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू. पुण्यात सहकारनगरहून निघायचं, दांडेकर पूल ओलांडायचा आणि म्हात्रे पुलाच्या बरोबर मध्यावर बाई गप्प. मग मी तिला एका अंगावर कलंडवायचे, पुन्हा उभी करायचे, किका मारायचे. चेतकवाले कलंडवतात म्हणून मीही कलंडवायचे, उपयोग शून्य. वीस मिनिटं फुटपाथवर उभं राहिलं की मात्र काहीच झालं नाही अशा थाटात सुरू. ऑफिसात माझ्या लेट मार्कांची संख्या किती झाली ते विचारू नका.

तीन मेकॅनिकांना दाखवली. नावं घेत नाही, कारण त्यातल्या एकाकडे मला अजूनही पंक्चर काढायला जावं लागतं. पहिल्यानं प्लग बदलला आणि कार्बोरेटर साफ केला. दुसऱ्यानं सीडीआय, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलला. जुना परत मागितला तर तो ‘पोरानं फेकला’ होता. काय बिघडलंय असं विचारलं की दोघांचं उत्तर एकच, ‘मॅडम, तुम्ही बसा ना.’ आणि तिघांनीही गाडी तपासली ती गार असताना. गार असताना तिला काही झालेलंच नसायचं! पेशंटला ताप नसताना थर्मामीटर लावायचा आणि औषध देऊन पाठवायचं, असा प्रकार.

तिसरा घरी आला, तेवढं एक बरं वाटलं होतं. पण त्यानं मॅग्नेट, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक, काढायला पिशवीतून थेट हातोडाच काढला. बाबा गॅलरीत खुर्चीत बसले होते. प्रत्येक घाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मॅग्नेट निघालं नाही, त्याच्या पंख्याचं एक पातं मात्र तुटलं. मग हात पुसत तो मला म्हणाला, ‘भंगारात द्या. पंधरा वर्षांची मुदत कधीच संपली हिची.’

मुदत संपलेली नाही. २०१३, २०१८ आणि २०२३, अशी तीनदा संगम पुलाजवळच्या आरटीओत नेऊन, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांनी पुढे वाढवून घेतलीय. पण ते सोडा. अर्धांगाच्या झटक्यात बाबांचं बोलणं गेलंय, ऐकणं गेलेलं नाही. हे त्या माणसाला दिसत होतं आणि तरी तो ते मोठ्यानं बोलला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

हातोड्याच्या आवाजानं तुम्ही समोरच्या बिल्डिंगमधून खाली आलात, तेव्हा मला वाटलं आता तुमच्याकडूनही दोन शब्द ऐकून घ्यावे लागणार. दुपारची वेळ होती. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत, तुटलेल्या पंख्यावरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, ‘बंद पडते तेव्हा ठिणगी जाते की पेट्रोल?’

काका, तीन महिन्यांत मला गाडीबद्दल कुणीतरी विचारलेला तो पहिला प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रविवारी तुम्ही स्टूल घेऊन आलात, गाडी सुरू करायला लावलीत आणि शेजारी बसून राहिलात. काही केलंच नाहीत. पेपर वाचलात. वीस-पंचवीस मिनिटांनी ती बंद पडली, तर तुमचा चेहरा पाहुणे वेळेवर आल्यासारखा खुलला. प्लग काढून, हेडला टेकवून मला किक मारायला लावलीत. प्लग ओला, ठिणगी नाही. ‘पेट्रोल आहे, ठिणगी गेली. आता गार होऊ दे,’ म्हणालात आणि राहिलेलं शब्दकोडं सोडवायला घेतलंत.

खोलाखोलीचं सगळं इथे सांगत बसत नाही. नाना पेठेतून तुम्ही ओळखीनं पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार, आणला होतात आणि जे मॅग्नेट हातोड्याला दाद देत नव्हतं ते पुलरनं टक्‌ करून सुटलं, एवढं पुरे. आत कॉइलची प्लेट. त्यातून निघणाऱ्या एका वायरीवर तुम्ही नख दाबलंत आणि वरचं आवरण शेवेसारखं मोडून खाली पडलं. आत उघडं तांबं. सत्तावीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत काढल्यावर कुठली वायर मऊ राहणार? त्यात कंपनीची चूक नाही. चेतक राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची असली तरी शेवटी वायर ती वायरच.

मग तुम्ही समजावून सांगितलंत, बाबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. मॅग्नेट फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते, सीडीआय ती साठवून धरतो, पिकअप कॉइलनं इशारा दिला की सोडतो, एचटी कॉइल तिचा दाब वाढवते आणि प्लगवर ठिणगी पडते. ‘आता मधल्या वायरीचं उघडं तांबं प्लेटला टेकलं, की वीज बॉडीत उतरली. पगार घरी पोचायच्या आत कुणीतरी वाटेतच उधळतोय.’ गॅलरीतून बाबा हसल्याचा आवाज आला. तो आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

पण उघडी वायर दिसली म्हणून तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. मीटर लावलात, तर गार प्लेटवर सगळं ठीक. मग माझ्याकडे केस वाळवायचं मशीन मागितलंत. मला वाटलं चेष्टा करताय. दोन मिनिटं प्लेटवर गरम हवा मारली, वायर जराशी वाकली आणि मीटर टीं करून ओरडला. तीन मेकॅनिकांना तीन महिने जे सापडलं नाही ते माझ्या ड्रायरनं दोन मिनिटांत दाखवलं!

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर तुम्ही आदल्या दिवशीच तपकीर गल्लीतून आणून ठेवली होतीत. म्हणजे तुम्हाला संशय आधीपासूनच होता. जुनी वायर शेजारी धरून तुम्ही नवी मोजलीत आणि चांगली चार बोटं जास्त ठेवून कापलीत. मी म्हटलं, ‘काका, लांब झाली.’ तुम्ही म्हणालात, ‘असू दे. दोन चुकांची आहे.’

मला कळलं नाही. तुम्ही सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलंत तेव्हा कळलं.

पहिला जोड मी वाया घालवला. आयर्न जास्त वेळ धरलं, सोल्डरचा मण्याएवढा गोळा झाला, टोक काळं पडलं आणि जरा ओढल्याबरोबर सुटलं. हात थरथरत होता. मी ‘सॉरी’ म्हणायच्या आत तुम्ही पकडीनं काळं टोक कापलंत, अर्धा इंच नवं सोललंत, तारा चिमटीत पिळल्यात आणि वायर परत माझ्या हातात ठेवलीत. ‘दे इकडे’ नाही, ‘सांगितलं होतं ना’ नाही, उसासासुद्धा नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, प्लेटकडे बघत होतात. दुसरा जोड बसला.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. हिशेब तपासायचं काम करते. माझ्या धंद्यात चूक सापडली की पहिला प्रश्न ‘कुणाची?’ हाच असतो, आणि तो मीच विचारते. मी चुकणार हे गृहीत धरून, त्याची बोटं मोजून, वायर आधीच लांब कापून ठेवणारं माणूस मला याआधी भेटलं नव्हतं. निदान भेटल्याचं लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून आठवून बघतेय, तर एकेक सापडतंय. ऑगस्टमध्ये म्हात्रे पुलावर एका पोरानं आपल्या बाईकवरून माझ्या चेतकला पाय लावून, ढकलत, थेट दत्तवाडीपर्यंत आणलं होतं. त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी जेवणाचा मोठा डबा होता आणि ते जेवण गार होत होतं. मी वळून हात करेपर्यंत तो गेलासुद्धा. पुणेकरांच्या खवचटपणाचे किस्से सगळ्यांना पाठ असतात, मीही सांगते. पाय लावून ढकलणाऱ्याचा किस्सा कुणी सांगत नाही, कारण त्यात टाळी पडत नाही.

आणि त्या तिसऱ्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, हेही सांगून टाकते. तुम्ही म्हणालात, ‘जाऊ दे, त्याला दिवसाला दहा गाड्या असतात.’ असतील. हातोडा मारायला वेळ होता ना?

सगळं बसवल्यावर मी किक मारली. नाही झाली. दुसरी मारली आणि झाली. मी वर बघितलं, तर बाबांनी गॅलरीच्या कठड्यावरून दोन बोटं दाखवली. ते किका मोजत होते. तुम्ही खालून त्यांना दोन बोटं परत दाखवलीत, आणि मग दोघंही तसेच, कुणीच काही न बोलता.

त्यानंतर दोन महिने झाले. म्हात्रे पूल रोज ओलांडते. गेल्या रविवारी कात्रजचा घाट चढवून आणली, तापू दिली मुद्दाम. बंद पडली नाही.

मी एकच चूक केली, काका. दुसऱ्या चुकीची वायर तुम्ही कापायला निघाला होतात, मीच राहू द्या म्हटलं. जंक्शनच्या डबीत एक वेढा घालून ठेवलीय.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली, दुसरा मजला

ता. क. : तुमचं स्टूल अजून आमच्याकडेच आहे. आणि ड्रायरला ग्रीसचा वास येतो, तो काही केल्या जात नाहीये. तक्रार नाही, कळवलं फक्त.