पांढरी पडलेली कॅसेट उघडू नकोस

रत्नागिरी

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टीव्हीवरचे जुने कार्यक्रम भरलेल्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटचं खोकं पोचल्याचं कळलं. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, काही कॅसेट पांढऱ्या पडल्यात, रविवारी उघडून पुसून घेते," आणि ते म्हणतानाच दोनदा खोकलीस. मग माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. बुरशीबद्दल एकदाच लिहितो आणि पुढे जातो: पांढरी पडलेली कॅसेट तू उघडायची नाहीस. गेल्या महिन्यात नेब्युलायझरवर होतीस. संपला विषय.

आता कामाचं. या कॅसेट संगणकात उतरवायच्या तर आधी निवड कर, यंत्राला, म्हणजे व्हीसीआरला, हात नंतर. सगळ्या कॅसेट गॅलरीत मांड आणि प्रत्येकीच्या खिडकीतून मोबाइलच्या टॉर्चचा तिरका उजेड टाकून रिळाची कड बघ. चांगली टेप एकसारखी काळी, चकचकीत दिसते. पांढरे ठिपके, तंतू किंवा राखाडी थर दिसला तर ती बाजूला. मध्येच एखादा वेढा वर आलेला दिसला तर घाबरू नकोस, ती बुरशी नाही, टेप सैल गुंडाळली गेली आहे. बाहेरच्या प्लॅस्टिकवर धूळ असेल तर ओल्या फडक्याने पूस. संशय आला की लोक कॅसेट नाकाशी नेऊन कुबट वास येतो का बघतात. ते मुळीच करायचं नाही. बाजूला काढलेल्या कॅसेट झिपच्या पिशवीत घाल आणि पिशवी पुन्हा उघडू नकोस.

कारण सांगतो, म्हणजे बाबा उगाच ओरडतो असं वाटणार नाही. टेपचा पाया पॉलिस्टरचा, त्याला सहसा काही होत नाही. बुरशी धरते ती त्यावरचा चुंबकी थर चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्यावर, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला आणखी काही लागत नाही. ओली असताना पुसली तर ती टेपभर फासली जाते. म्हणून कॅसेट आधी सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवून कोरडी करावी लागते. कोरडी झाली की बुरशीची पूड होते, सहज निघते, आणि सहज उडतेही. म्हणजे टेपसाठी जी योग्य वेळ, तीच तुझ्या छातीसाठी सगळ्यात वाईट. तशीच यंत्रात घातलीस तर पूड टेप वाचणाऱ्या फिरत्या ड्रमवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. एका कॅसेटपायी सगळं खोकं बिघडतं.

तर त्या इकडे परत पाठव. दादा गणपतीला येईल त्याच्याबरोबर दे, नाहीतर एसटीच्या पार्सलने. मी अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून उघडेन. मागचे पाच स्क्रू, झाकणाची स्प्रिंग, दोन ब्रेक, हे माझ्या हाताखालचं काम आहे. रिळं काढून चांगल्या कवचात बसवायची, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं तंतू न सुटणारं कापड टेपला लावून सावकाश गुंडाळत जायचं. आई म्हणते, तुमची छाती काय लोखंडाची आहे का. तिचं माझं आम्ही बघू.

काळ्या, निरोगी कॅसेटही थेट प्ले करू नकोस. इतकी वर्षं एका जागी पडलेल्या टेपचे वेढे कुठे सैल, कुठे घट्ट झालेले असतात. आधी शेवटापर्यंत पुढे, मग पूर्ण मागे, मग प्ले. मागच्या कडेची छोटी टॅब शाबूत असेल तर मोडून टाक. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ पुसली जाईल.

जुन्या बाजारातून यंत्र घेतलंस हे ऐकून आधी कपाळाला हात लावला. मग तू सांगितलंस की टेप ओढणारा रबरी पिंच रोलर गुळगुळीत झाला होता तो बदललास आणि बेल्टही नवा घातलास. हे तुला कोणी शिकवलं? आत्याला लगेच फोन करून सांगितलं. तरी पहिल्यांदा ज्या कॅसेटचं काही वाटणार नाही अशीच घाल. रबर दमलं असेल तर यंत्र टेप आत ओढून चुरगळतं आणि चुरगळलेली टेप पूर्ववत होत नाही. तुटली तर साधी चिकटपट्टी लावू नकोस, तिचा गोंद पाझरून ड्रमवर जातो. टेप जोडायची खास पट्टी मिळते, ती चुंबकी थर नसलेल्या बाजूने लावायची.

आवाज नीट येतोय आणि चित्राच्या जागी नुसती बर्फवृष्टी दिसतेय, तर टेपला दोष देऊ नकोस. साधा आवाज वेगळं, स्थिर हेड वाचतं. चित्र वाचणारी हेड ड्रमवर असतात, ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो, आणि त्यांच्या बारीक फटीत घाण बसली की चित्र जातं. शॅमॉय, म्हणजे मऊ चामडं, लावलेली काडी अल्कोहोलमध्ये बुडवून ड्रमला आडवी टेकव, काडी स्थिर धर आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरव. काडी वर-खाली केलीस तर हेड मोडेल. कान साफ करायचा कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. आणि अल्कोहोल वापरताना खिडकी उघडी ठेव, त्या वासानेही तुला...

बघ, परत तिथेच आलो. पुढचं वाच.

निळ्या लेबलच्या कॅसेट एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगाने, भरलेल्या आहेत. ई-१८० कॅसेट साध्या वेगात तीन तास चालते, एलपीवर सहा. ३१ डिसेंबरची टीव्हीवरची अख्खी रात्र एका कॅसेटमध्ये बसावी म्हणून नाना तसं करायचे. पण एलपीत चित्राची रेघ निम्म्या रुंदीची होते, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर ती नेमकी पकडणं अवघड जातं. पडद्यावर आडवा खरखरीत पट्टा आला तर ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरव. यंत्रात एलपी नसेल तर सगळे दुप्पट वेगाने नाचतील. शरदकाकांनी न्यू जर्सीहून पाठवलेल्या दोन कॅसेट एनटीएससी या अमेरिकन पद्धतीच्या आहेत, त्या तुझ्या यंत्रावर लागणार नाहीत. राहू देत.

त्या ३१ डिसेंबरबद्दल. तू विचारलंस, एवढं काय होतं त्यात. खरं सांगायचं तर निम्मं रटाळ होतं. एक गझल, एक समूहनृत्य, एक नकलाकार, मग जादू, मग चकचकीत कपड्यांतली पॉप गायिका, मध्ये निवेदकांच्या जोडीचे लिहून दिलेले विनोद. पण त्यात एखादा सिनेनट येऊन नुसता नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन गेला तरी घर गप्प व्हायचं. तुमच्या पिढीला नट सकाळी दात घासतानाही दिसतो. तेव्हा तो दिसायचा थिएटरात, भूमिकेत. तो स्वतः कसा बोलतो, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही, हे फक्त टीव्हीवर दिसायचं. तबस्सुम यांनी 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ ते १९९३ चालवलं ते याच जोरावर. समोर खुर्ची, हसून विचारलेला प्रश्न, आणि पडद्यावरचा खलनायक लाजतोय.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. स्मिता पाटील, भक्ती बर्वे इथे बातम्या वाचायच्या. 'गजरा' वरळीच्या स्टुडिओतला, विनायक चासकरांचा. छोटी प्रहसनं, गाणी, पाठीमागे साधा पडदा, सगळा भार नटांवर. माईंना तेच बघायचंय, तोच त्यांना आठवतो. रंग आले १९८२मध्ये, स्वातंत्र्यदिनाला आणि मग दिल्लीच्या एशियाडला, आणि त्यानंतर सगळ्यांचे कपडे एकदम भडक झाले. रंग दिसावा म्हणून जांभळ्या सुटावर पिवळा टाय. त्या काळातल्या व्हीएचएसवर लाल रंग कडेने सांडतो, ते संगणकात चित्र घेणाऱ्या तुझ्या कार्डाचं पाप नाही. व्हीएचएस रंगाचा तपशील फार थोडा साठवते, सुधारायला जाऊ नकोस.

म्हणून एक विनंती, आणि ही खरंच विनंती आहे. जाहिराती कापू नकोस. व्यत्ययाची पाटी कापू नकोस. कार्यक्रमाआधीचं निवेदन, बातम्यांचा तुकडा, घड्याळ, सगळं ठेव. दूरदर्शनवर जाहिराती १९७६पासून आल्या, आणि विको, लिज्जत ऐकल्यावर माई कार्यक्रमापेक्षा जास्त खूश होतील. पण कारण तेवढंच नाही. त्या काळी व्यावसायिक टेप महाग, केंद्रावर जुन्या मुद्रणावर नवं चढवलं जायचं. जे वाचलं ते प्रसारभारतीच्या संग्रहातून हळूहळू बाहेर येतंय, पण बरंच काही त्यांच्याकडेही नाही. गाणी कुठेतरी सापडतील. दोन कार्यक्रमांमधली ती दोन मिनिटं नाना-शरदकाकांसारख्यांच्या कॅसेटमध्येच असतात.

संगणकात घेताना चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं, इंटरलेस, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची रचना, जसं आहे तसं. आवाज ४८ किलोहर्ट्झ. थेट एमपी४ करू नकोस. आधी हफवाययूव्हीसारख्या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये घे. तासाला साधारण ३० जीबी लागतील, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ९०. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेव, फॅट३२वर फाइल ४ जीबीला अडते. बघण्याची प्रत वेगळी कर, सेकंदाला ५० चित्रांची. नाचात पायांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या तर इंटरलेस नीट निघालं नाही, आणि सगळं पुढे-मागे थरथरलं तर फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा आहे. चौकट ४:३च ठेव. रुंद पडद्यात ताणलेली तबस्सुम मला बघवणार नाही. आणि ते एआयने चित्र स्वच्छ करणं आपल्या मूळ प्रतीवर तर नाहीच. त्यात चेहरे मेणाचे होतात.

आवाज मागे पडतोय हे तू स्वतः ओळखलंस. बरोबर आहे. जुन्या टेपच्या संकेताची लय हलते, स्वस्त कार्ड तेवढी चित्रं गाळतं आणि आवाज मात्र चालत राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आवाज ओढून बसवणं हा उपाय नाही, पुढच्या दहा मिनिटांत परत सरकेल. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे ती लय सरळ करणारं यंत्र, हवा. तो महाग असतो. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डरही यंत्र आणि कार्ड यांच्यामध्ये जोडले तर ते काम बऱ्यापैकी करतात. कोणाकडे पडला असेल तर विचार. व्हीसीआरची शार्पनेस शून्यावर आण, 'एडिट' असं बटण असेल तर ते चालू कर.

फार झालं. तुला यातलं निम्मं माहीत असणार आणि तू हसत असशील. मी कारखान्यात नवीन पोराला सांगावं तसं तुला सांगतोय, तू चिडणं साहजिक आहे. फोनवर ज्या सुरात बोललो तोही बरा नव्हता. तू हे सगळं माईंसाठी करते आहेस, सुट्टीच्या दिवशी, आणि आमच्यातल्या कोणाला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

पण मुक्ता, तुझा इन्हेलर कुठे असतो? पर्समध्ये असतो म्हणू नकोस. काम करताना टेबलावर ठेव. आणि चांगल्या कॅसेट हाताळतानाही मास्क लाव, कारण त्या सगळ्या एकाच खोक्यात होत्या. पंखा बंद ठेव. खोकं घरात ठेवू नकोस, पुठ्ठ्यात ओल धरते. कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या लाव आणि पुठ्ठा फेकून दे.

आधी माईंची 'गजरा' लिहिलेली कॅसेट बघ. ती काळी असेल तर तिच्यापासून सुरुवात कर. पांढरी असेल तर मला आधी ती पाठव, बाकीच्या मागाहून.

आईचा आशीर्वाद. जेवण वेळेवर घेत जा.

तुझा,
बाबा

ता. क. आईने पाकिटात एन-९५ मास्क घातलेत, कापडी वापरू नकोस. किती पांढऱ्या निघाल्या ते मोजून कळव, त्या मानाने इथे रिकामी कवचं आणि सिलिका जेल आणून ठेवतो. फोन केलास तर आवाज चढवणार नाही.