गार्डकाका, आज गाडी वेळेवर आहे

गार्डकाका,

तुम्ही रेल्वेतले जुने गार्ड, पण समोर बसून माझ्या आजारपणातल्या मदतीचे आभार मानायला लागले की "चहा टाकतो थांब" म्हणत आत निघून जाता. तीनदा झालं असं. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवतील, तेव्हा कुठं पळाल?

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पाचव्या तासाला माझा आवाज नाकातून यायला लागला. सातवीची पोरं हसायची, "बाई, बदक म्हणालात की मदक?" घरी आले की डावी पापणी खाली यायची. भाकरी अर्धी संपली की जबडा थकायचा, हनुवटीला हाताचा टेकू देऊन उरलेली चावायची. वेणी घालताना हात आपोआप खाली यायचे. आणि सकाळी उठले की काही नाही! ठणठणीत.

ओपीडी सकाळची असते, काका. तिथंच सगळा घोळ झाला. एकानं चष्म्याचा नंबर बदलून दिला. एकानं बी-१२ ची इंजेक्शनं दिली. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला तर घरातले पेढे वाटायच्या बेतात, आणि मला मात्र रडू कोसळलं. मग हे होतंय ते काय? हातापायाच्या नसांची तपासणीही नॉर्मल आली. एका मोठ्या दवाखान्यात तर "सासू सोबत राहते का?" एवढंच विचारलं आणि झोपेची गोळी लिहून दिली. माझ्या सासूबाई बाहेर बाकावर माझी फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत्याबाईंनी दृष्ट काढली ती वेगळीच. रात्री दोन वाजता एक डोळा मिटून मोबाइलवर एकेका भयंकर आजाराची लक्षणं वाचायची आणि सकाळी खडू घेऊन वर्गात जायचं, असे चार महिने गेले.

त्या दिवशी जिन्यात मी कठडा धरून उभी होते. तुम्ही 'काय होतंय' असं विचारलंच नाहीत. "किती वाजता सुरू झालं?" म्हणालात. मला सांगता येईना. मग समोरच्या खांबावरचा दिवा दाखवलात. "किती दिसतात?" दोन. "एक डोळा झाक." एक. "आता दुसरा झाक." तरी एकच. "म्हणजे दिवे दिसतात बरोबर, डोळ्यांची जोडी जमत नाही." रेल्वेत दर काही वर्षांनी डोळे तपासून घेतलेल्या माणसाला हे सुचलं, ज्यानं चष्मा दिला त्याला नाही.

दुसऱ्या दिवशी लाल रेषांची लांबट वही आणून दिलीत. डावीकडे वेळ, मग काय करत होते, मग काय झालं, मग किती विश्रांतीनंतर सुटलं. मी पहिल्या पानावर 'खूप थकवा, फार भीती वाटली' असं लिहिलं होतं. तुम्ही त्यावर पेन्सिलीनं रेघ मारलीत. "पोरी, 'खूप लेट' असं आम्ही गाडीच्या नोंदवहीत, जर्नलमध्ये, लिहिलं असतं तर कंट्रोल ऑफिसनं हाकलून दिलं असतं. मिनिटं लिही." सरकारनं २०२२ साली गार्डचं ट्रेन मॅनेजर केलं, तरी तुमचं जर्नल काही सुटलं नाही, हे माझं नशीब.

मग रोज संध्याकाळी जिन्यातून हाक, "काय गं, आज गाडी किती लेट?" त्या हाकेची मी वाट बघायचे. बाकी सगळे 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणायचे, म्हणजे दोष फिरून माझ्याकडेच. तुम्ही मात्र १२.४० ला आवाज गेला, १.२५ ला परत आला, हे क्रॉसिंगला गाडी थांबल्यासारखं ऐकून घ्यायचात. सकाळी आठला आणि रात्री आठला त्याच खिडकीपाशी माझ्या चेहऱ्याचा फोटो काढायचात. सहा आठवड्यांत दिसलंच ते. काम केलं की ताकद जाते, थांबलं की येते.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांची सकाळची वेळ मिळाली होती. ती फोन करून संध्याकाळची करायला तुम्हीच लावलीत. "गाडी बिघडलेली असतानाच दाखवायची." कोयना एक्स्प्रेसनं गेलो, आणि डॉक्टरांसमोर बसले तेव्हा पापणी निम्म्यावर आली होती. त्यांनी वहीची चार पानं उलटली, हातमोज्यात बर्फ भरला आणि दोन मिनिटं माझ्या पापणीवर धरला. काढला तर डोळा उघडा! सासूबाई ओरडल्याच.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस. तुम्ही लगेच म्हणालात, "अमिताभला झालेला तो?" डॉक्टर हसून हो म्हणाले. पण नक्की करायला पुन्हा तपासण्या आल्याच. खांद्याच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंच्या नसांना वारंवार विजेचे झटके देऊन बघायचं, रक्तातल्या अँटिबॉडीज, आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ नाही ना म्हणून छातीचा सीटी. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघताना ते दिवस सर्वांत लांब गेले. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर रिपोर्टसाठी थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत या, असं बजावलं होतं. तुम्ही कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलंत आणि रोज रात्री मला एका श्वासात आकडे मोजायला लावलेत. आकडा वहीत. एकदा मी ३१ वर थांबले, आदल्या दिवशी ३८ होते. त्या रात्री तुम्ही बारापर्यंत आमच्या ओसरीवर पेपर वाचत बसलात. तोच पेपर सकाळीही वाचला होतात, मला माहीत आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, सीटीत गाठ नव्हती. नसेनं पाठवलेला निरोप स्नायूवर जिथं उतरतो, त्या जागा माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडीज अडवून धरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तुम्ही सासूबाईंना तेच रेल्वेच्या भाषेत सांगितलंत, "लाइन क्लिअर, म्हणजे पुढं जायची परवानगी, दिलीय, पण ड्रायव्हरच्या हातात पडत नाही." त्यांना तेव्हा कळलं. मलाही, खरं तर.

आता पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा. आजार गेलेला नाही. उन्हाळ्यात वाईट दिवस येतातच, आणि पाचवा तास मी पोरांकडूनच मोठ्यानं वाचून घेते. काही अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन मला चालत नाही, ते तुम्ही लाल शाईनं लिहून दिलेलं कार्ड पर्समध्ये असतं. वरती 'सावधान' लिहिलंय, इंजिनावर असावं तसं ठळक. मेडिकलवाला बघून दचकतो.

वहीची तीनच पानं उरलीत. नवीन तशीच हवीय, मला मिरज मार्केटात मिळाली नाही. कुठून आणली होतीत ते सांगायला रविवारी या. साडेपाचला नको, तेव्हा गोळीचा असर उतरलेला असतो आणि मी नुसती ऐकत बसेन. सहाला गोळी घेते. पावणेसातला या, भाकरी आणि झुणका करते, अख्खी भाकरी तुमच्यासमोर चावून दाखवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बाई