पूर्व भागातल्या अण्णांना, चेनच्या तेलाबद्दल

अण्णा, नमस्कार.

ओळखलं का? मी ती निळ्या सायकलवाली, जुळे सोलापूरची. एप्रिलमध्ये भर दुपारी तुमच्या पंक्चरच्या दुकानासमोरनं कुईकुई करत चालले होते आणि तुम्ही आतनं ओरडलात, "ओ ताई, थांबा थांबा, चेन रडालीय की ओ तुमची." तुमचा फोन तो साधा बटणांचा, त्यात हे वाचता येणार नाही माहितीय, नातवानं दाखवलं तर बघा नाहीतर मीच येऊन वाचून दाखवते. पण लिहायचं होतंच, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काय ओ त्यात" म्हणता, पंक्चरच्या घमेल्यात ट्यूब बुडवता आणि विषय संपला.

झालं असं की परवाच्या रविवारी तुळजापूरला जाऊन आले. सायकलवर. जाऊन येऊन नव्वद किलोमीटरच्या आसपास, पहाटे निघाले तेव्हा हिप्परग्याच्या तलावावर अजून अंधार होता, आणि तिथं पहिल्यांदा लक्षात आलं की आवाज येत नाहीये. टायरचा येतोय, वाऱ्याचा येतोय, माझ्या धापा तर येतच आहेत, पण चेनचा नाही. तुळजापूरच्या चढावर मी खालचा गियर टाकला तर तो बसलेला पण कळला नाही. तिथंच ठरवलं की घरी जाऊन पहिलं काम अण्णांना लिहायचं. (पहिलं काम पाय सुजलेत म्हणून गरम पाण्यात घालायचं केलं, पण दुसरं हेच.)

आता मागचं सांगते. तुम्हाला अर्धंच माहितीय, त्या दिवशी उन्हात सगळं सांगायची सोय नव्हती.

सायकल दिवाळीला घेतली. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतली आणि मग वेडच लागलं. महिनाभरात चेन करकरायला लागली म्हणून एका मोठ्या दुकानात गेले, काचेचं दार, एसी, भिंतीवर लाख लाखाच्या सायकली टांगलेल्या. विचारलं, बाबा चेनला कुठलं तेल घालू? तर काउंटरवरचा पोरगा माझ्या खांद्यावरनं मागं बघतोय, सर आलेत का म्हणून. सर घरी भांडी घासत होते. मग म्हणाला, "मॅडम हे घ्या, इम्पोर्टेड आहे, बेस्ट आहे." बाटलीवर वेट लिहिलेलं. मला वाटलं वेट म्हणजे ओलं राहणारं, म्हणजे चांगलंच की, कोरडं पडायचं नाही. वेट तेल हे पावसाच्या, चिखलाच्या दिवसांसाठी असतं, ते दाट आणि चिकट मुद्दाम केलेलं असतं म्हणजे पाण्यानं धुऊन जाऊ नये, एवढं एक वाक्य सांगायला त्या पोराचं काय जात होतं? आपल्याकडं दिवाळीनंतर जवळजवळ रोहिणीपर्यंत पाऊस नावालाच, आणि धूळ मात्र बारा महिने, विजापूर रोडला एक चक्कर मारली की भुवया पांढऱ्या होतात. त्यात मी ते चिकट तेल धार लावून ओतलं आणि पुसलं पण नाही, कारण पुसलं तर पैसे वाया गेले असं वाटायचं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत चेनवर काळी पेस्ट. सलवारीचे तीन जोड बाद झाले, पोटरीवर तो सायकलच्या दात्यांचा काळा शिक्का तर कायमचाच, ऑफिसमध्ये विचारायचे टॅटू काढला का.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला गाडीचं काढलेलं इंजिन ऑइल घाल, फुकटात काम. ते तर आधीच काळं, त्यात धातूचा चुरा, ते घातल्यावर चेन जास्तच घाण. सासूबाई म्हणाल्या शेंगतेल घाल, आपल्याकडं काय कमीय का. घातलं ओ अण्णा, खोटं कशाला बोलू! आठ दिवसांत कढईच्या कडेला बसतो तसला चिकट राप बसला कडीकडीवर. मग शेजाऱ्यांनी तो निळा-पिवळा स्प्रेचा डबा दिला, डब्ल्यूडी-४०, तो मारला की आवाज एकदम बंद, मी खूश, आणि दोन दिवसांत परत कुईकुई. त्यात त्या डब्याची चूक नाही, नंतर वाचलं तर नावातच सगळं आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, १९५३ साली अमेरिकेत चाळीसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. गंजलेला नट सोडवायला एक नंबर. पण माझ्या चेनमध्ये जे थोडंफार तेल उरलं होतं ते पण त्यानं विरघळवून बाहेर काढलं आणि स्वतः उडून गेला.

मार्चमध्ये चेन दातांवरनं उडायला लागली. परत काचेच्या दारातनं आत. "मॅडम चेन ताणलीय, कॅसेट पण गेलीय, दोन्ही बदलायला लागेल." कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या. दोन हजार किलोमीटर पण झाले नव्हते. बदललं, पैसे दिले, का गेली विचारलं तर म्हणे "तुम्ही मेंटेन नाही केलं." आणि परत तीच बाटली पुढं केली! मी परत घेतली पण, काय म्हणावं मला.

तर अशी मी त्या दुपारी तुमच्यासमोर आले.

तुम्ही काय केलंत ते तुम्ही विसरला असाल. आधी तेलाच्या डब्याचा स्टूल पुसून सावलीत ठेवलात, माठातलं पाणी दिलंत. मग चेनवर नुसतं बोट फिरवलंत, दोन बोटात ती काळी पेस्ट चोळून माझ्यापुढं धरलीत, म्हणालात, "हे तेल नाही आता, ही कानस झाली." माझ्या पिशवीत जुनी चेन होती, भंगारात द्यायची म्हणून हिंडवत होते, ती खिळ्याला टांगलीत आणि यंत्रमागावर कामाला होतात तेव्हाची ती स्टीलची पट्टी काढून लावलीत. "बारा इंचात बरोबर चोवीस खिळे बसायला पाहिजेत. अर्धा सूत वाढली की चेन बदला. एक सूत झाली की दाते पण गेले." मी बावळटासारखी विचारलं, सूत म्हणजे दोऱ्याचं सूत? तुम्ही केवढं हसलात. सोलापुरात सूत म्हटल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार ओ, मला काय माहीत की मिस्त्री लोकांत इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. माझी जुनी चेन एक सुताच्या पुढं गेली होती. म्हणजे दुकानवाल्यांनी बदलली ते बरोबरच केलं, तुम्ही तसं सरळ सांगितलंत, त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची आयती संधी होती, पण घेतली नाही. फक्त एवढंच म्हणालात, "बदलली बरोबर. का गेली ते सांगायचं राहिलं."

आणि मग ते सांगितलंत. की चेन रबरासारखी ताणत नाही, लोखंड कशाला ताणेल, आतले खिळे झिजतात आणि प्रत्येक कडीत केसाएवढी जागा होते, अशा शंभराच्या वर कड्या, ती सगळी जागा मिळून चेन लांब होते. म्हणून तेल पाहिजे ते आत, खिळ्याला. बाहेर दिसतं ते तेल काहीच कामाचं नाही, ते फक्त धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ मग आत जाते. इतके महिने मी बाहेरनं चेन चकचकीत ओली ठेवत होते आणि वाटत होतं केवढी काळजी घेतेय.

तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो म्हणालात, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागाला तेल कमी पडलं तर माग स्वतःला खातो, जास्त झालं तर कापडावर डाग, आणि डाग पडला की तो माल शेठ कोणाच्या पगारातनं कापणार ते ठरलेलं. त्यात कारखान्यात सगळीकडं कापसाचं तूस उडतंय, जिथं तेल दिसलं तिथं जाऊन बसतंय. हे ऐकताना माझ्या डोक्यात एकदम आलं की जन्मभर आपल्याच गावची चादर पांघरली, आपल्याच गावच्या टॉवेलला तोंड पुसलं, आणि त्याच्यावर तेलाचा डाग का नसतो हा प्रश्न आयुष्यात एकदा पडला नाही.

चेन धुतली कशी, किती वेळ लागला, ते सोडते. पण तेल घालायची वेळ आली तेव्हा कुप्पी माझ्या हातात दिलीत. मी सवयीनं तिरकी केली तर, "किती घालालात ओ! एका कडीला एक थेंब." मी थेंब थेंब घालत गेले, तुम्ही पायडल उलटं फिरवत गेलात. मग थोडं थांबून फडकं दिलंत आणि म्हणालात आता सगळं पुसा. सगळं? हो, सगळं, हाताला लागायला नाही पाहिजे इतकं. माझा जीव तुटत होता पुसताना.

त्या दिवशी तुम्ही शिलाई मशीनचं पातळ तेल घातलंत, ते लगेच आत जातं पण फार टिकत नाही, "रोज बाजाराला जाणाऱ्याला चालतं, तुम्ही लांब जाता." मग सांगितलंत की गियरवाली पोरं मेणाचं घेऊन येतात, ड्राय लिहिलेलं असतं बाटलीवर, आपल्या धुळीला ते बरं. त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं आणि मागं कोरडं मेण राहतं, त्याला धूळ चिकटत नाही. पण आधी चेन एकदम स्वच्छ पाहिजे, जुन्या तेलावर ते बसत नाही, आणि रात्री घालायचं सकाळी चालवायची, घातलं आणि लगेच निघाले असं केलं तर सगळं रस्त्यावर उडतं. दीडशे-दोनशे किलोमीटरला परत. ती चिकट बाटली मी रागानं तिथंच टाकून देणार होते, तर तुम्ही थांबवलंत. "पावसात लागेल." आणि खरंच लागली की. सप्टेंबरमध्ये एकदा मेणाच्याच भरवशावर भिजत आले, सकाळी बघते तर चेन तांबडी. पावसाचे ते तेवढे आठवडे तीच बाटली वापरली, थेंब थेंब, पुसून. म्हणजे तेल वाईट नव्हतंच.

पैसे विचारले तर म्हणालात पंक्चर काढलं नाही, हवा भरली नाही, कशाचे पैसे.

पण अण्णा, हे पत्र खरं तर याच्यासाठी नाहीये. ते फडकं आहे ना, त्याच्यासाठी आहे. निघताना तुम्ही जुन्या टॉवेलचा एक तुकडा फाडून दिला होतात, चेन पुसायला हेच वापरा म्हणून. दोन आठवड्यांनी मी हवा भरायला आले तेव्हा सहज बोलता बोलता बोलले, तक्रार म्हणून नाही, हसत हसतच, की त्या फडक्याचा दोरा निघून मागच्या गियरच्या छोट्या चाकात असा गुंडाळला की ब्लेडनं कापून काढायला लागला. तुम्ही नुसतं "हां" म्हणालात. तुमच्याकडं तेव्हा तीन सायकली उलट्या टाकलेल्या होत्या, मला वाटलं ऐकलं पण नसेल.

पुढच्या वेळी मी नुसती रस्त्यानं चालले होते. तुम्ही हाक मारलीत, गल्ल्याच्या खालनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलंत. तोच टॉवेल, वीतभर चौकोन, चारी बाजूंनी कड दुमडून मशीनवर शिवलेला. कोपऱ्यावर टाके उलटे मारून पक्के केलेले आणि एका कोपऱ्याला सायकलीला अडकवायला छोटी नाडी. "अक्काला सांगितलं. आता दोरा निघायचा नाही." एवढं बोलून परत घमेल्यात हात.

मी पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि सायकल थांबवून तिथंच उभी राहिले. रडले वगैरे नाही, पण जवळपास. तीन हजाराच्या वर पैसे घेतलेल्या दुकानात माझ्या प्रश्नाकडं कोणी बघितलं नव्हतं आणि इथं मी गमतीत बोललेलं एक वाक्य कोणीतरी घरी घेऊन गेलं होतं, जेवताना बायकोला सांगितलं असेल, तिनं मशीन उघडून त्याला दोरा लावला असेल. एका चिंधीसाठी. आपल्या गावाबद्दल बाहेरचे लोक काय काय बोलतात, धूळ आहे, ऊन आहे, पाणी चार दिवसांनी येतं, बोलू देत. असली माणसं बोळाबोळात बसलीत आपल्याकडं, पाटी नाही, कार्ड नाही, आणि कोणाची तरी चेन रडताना ऐकली की त्यांना आत बसवत नाही.

मेणाच्या दोन बाटल्या मागवल्यात, एक तुमच्या दुकानात ठेवायला आणते, नाही म्हणायचं नाही, गियरवाल्या पोरांना पण पुसून घालायला लावा. नवीन चेनला परवा पट्टी लावली, ती पण मिस्त्र्यांची स्टीलची घेतली आता, अर्धा सूत अजून लांब आहे. येत्या रविवारी सकाळी येते, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन, अक्का असतील ना घरी? त्यांना सांगा फडकं सोळा वेळा धुतलंय, काळं पडलंय ते पडलंच, पण चारी शिवणी जशाच्या तशा आहेत. नाडी तेवढी तुटली, पण ती माझ्या चुकीनं.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई