व्यसन की आजार? एका मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चिरंजीव रात्र रात्र जागतो, खेळ सोडून बसला आहे, जुन्या मित्रांशी बोलणे तुटले आहे, दप्तरात सुका पाला आणि पातळ कागद सापडला आहे, आणि हे व्यसन की मनाचा आजार यावरून तुझे नि वहिनींचे रोज खटके उडत आहेत, असे तू लिहितोस. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: हा वाद घरात मिटणारा नाही, आणि तो मिटेपर्यंत डॉक्टरांकडे जायचे थांबवू नकोस.

उदास मूल जिवाची घालमेल थांबावी म्हणून गांजा ओढू लागते, आणि नियमित गांजा ओढणारे मूलही हळूहळू निरुत्साही, चिडके, कधी संशयी होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. म्हणूनच ‘आधी ते सोड, मग डॉक्टरांकडे नेतो’ ही तुझी अट मला पटत नाही. किशोरवयीन मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही बाजू एकदमच तपासतो. मनाच्या आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. तेव्हा ‘एवढ्याशा पोराला कसले डिप्रेशन’ हे आजोबांचे बोलणे मनावर घेऊ नकोस. तुझ्या धाकट्या काकांना भास होत असत, हेही डॉक्टरांना आवर्जून सांग, कारण घराण्यात तसा आजार असला तर कोवळ्या वयातल्या गांजाची जोखीम आणखी वाढते. (उशिरापर्यंत झोप न येणे मात्र या वयात काही अंशी शरीराचेच असते, प्रत्येक गोष्ट गांजाच्या किंवा आजाराच्या खात्यावर मांडू नका.)

चोरून लघवी तपासून घेण्याचा वहिनींचा बेत मला मुळीच पसंत नाही. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही गांजाचा अंश कित्येक आठवडे लघवीत सापडतो, उलट काही नव्या नशा साध्या तपासणीत उमटतच नाहीत. म्हणजे मुलाचा विश्वास गमवायचा आणि हाती खात्रीचे काहीच नाही. तपासणी लागलीच तर ती डॉक्टरांनी, त्याला सांगून करावी. शिवाय तो झोपेच्या गोळ्या किंवा दारूही रोज घेत असल्याचे कळले, तर ती दरडावून एका दिवसात बंद करू नका, कारण त्यात फिट्स येऊन जिवावर बेतू शकते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ‘जगणे नको असे वाटते का, जीव द्यायचा विचार येतो का,’ हे त्याला सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आमच्या मुलीच्या आजारपणात डॉक्टरांनी मला हे विचारायला लावले, तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती; हातातला टॉवेल तसाच धरून, वर न पाहता, ‘रोज येतो,’ एवढेच म्हणाली. त्याच संध्याकाळी आम्ही तिला दाखवले आणि घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटे, आईच्या रक्तदाबाची धरून, कुलपात गेली. तुम्हीही उत्तराची वाट न पाहता ती आजच कुलपात ठेवा. पुढे त्याला नैराश्यावरचे औषध सुरू झाले, तर गुण दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीच्या काळात या वयाच्या मुलांवर बारीक लक्ष ठेवावे लागते, हेही आत्ताच ध्यानात असू दे.

घरातले नियम थोडेच ठेव, पण ते मोडू देऊ नकोस: नशा करून गाडीला हात लावायचा नाही, कोणावर हात उचलायचा नाही, आणि हिशेबाशिवाय रोख पैसे मिळणार नाहीत. खोलीतला पसारा, केस, गाण्यांचा आवाज यांवरून मात्र सध्या एक शब्दही बोलू नकोस. तो ज्या दिवशी शुद्धीत, बरा बसलेला असेल, त्या दिवशी त्याच्याबरोबर दुसरेच काहीतरी बोलत बस. सारे संभाषण सापडलेल्या कागदापाशीच येऊन थांबणार असेल, तर तो खोलीबाहेर येईलच कशाला?

भेटीची वेळ ठरली की कळव. आयत्या वेळी तो नाही म्हणाला तरी ती रद्द करू नकोस, तुम्ही दोघेच जा. पालकांशी आधी बोलायला बहुतेक डॉक्टर तयार असतात. झोप, जेवण, शाळा यांत काय आणि केव्हापासून बदलले, ते कागदावर लिहून ने. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र