स्विचचे कॉन्फिगरेशन परत चढवण्यास मदत करणाऱ्यांचे आभार

बदली नेटवर्क स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणावर) आधी जतन केलेले कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याची सेटिंग्ज, परत चढवताना ज्या अनामिक जाणकारांनी वाट दाखवली, त्यांचे मनःपूर्वक आभार. सिस्को कंपनीच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस या प्रणालीत जतन केलेली फाइल चालू कॉन्फिगरेशनवर कॉपी केल्यास जुने पुसले न जाता दोन्हींची सरमिसळ होते. म्हणून ती स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये (स्विच सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) उतरवून स्विच रीलोड, म्हणजे पुन्हा सुरू, करावा, हे त्यांनी कारणांसह समजावले. रीलोडपूर्वी ‘बदल सेव्ह करायचे का’ असे विचारले गेल्यास ‘नाही’ म्हणायचे, ही बारीक सूचना तर लाखमोलाची. व्हीलॅनची (नेटवर्कच्या आभासी विभागांची) माहिती पुष्कळदा फ्लॅशमधील, म्हणजे स्विचच्या कायम साठवणीतील, वेगळ्या फाइलीत असते, याकडेही एकाने आवर्जून लक्ष वेधले. माहितीपुस्तिकेत हे सारे आहे, पण विखुरलेले. ते नेमक्या क्रमाने मांडण्याचे श्रम ज्यांनी घेतले, त्यांची नावे ठाऊक नसली तरी त्यांचे ऋण मान्य आहे.