मत उमेदवाराला नव्हे, न्यायाधीशाच्या खुर्चीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून कॉलेज रोडच्या कट्ट्यापर्यंत आपल्या नाशकातही एक प्रश्न हमखास निघतो. दर रविवारी चर्चला जाणारे, गर्भपाताला हत्या मानणारे लोक ट्रम्प यांच्यासारख्या माणसाला मते देतातच कशी? बातम्यांमधून उत्तर मिळते ते बहुतेक ‘धर्मवेड’ नाहीतर ‘भोळेपणा’ असे. आम्हाला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. हा मतदार पक्का हिशेबी आहे आणि त्याचा हिशेब न्यायाधीशांच्या नेमणुकांचा आहे.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे नेमणुकांचा आणि मतपेटीचा थेट संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ज्येष्ठ न्यायाधीशांचे कॉलेजियम सुचवते. त्याऐवजी आयोग आणणारी घटनादुरुस्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयानेच ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केली. तिकडे मात्र अध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचे वरचे सभागृह, ते मंजूर करते. शिवाय आपला न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो, तिकडचा हयातभर बसू शकतो. दुसरा फरक त्याहून मोठा. आपल्याकडे गर्भपाताची मुभा १९७१ च्या कायद्याने, म्हणजे संसदेने दिली आणि २०२१ मध्ये काही गटांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेली तीही संसदेनेच. अमेरिकेत तो हक्क २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतून काढून दिला. कायदा नको असेल तर खासदार बदलता येतो. घटनेचा अर्थ बदलायचा तर दोनच वाटा: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी मिळवून घटनादुरुस्ती, किंवा नऊपैकी पाच खुर्च्यांवर वेगळी माणसे. पहिली वाट बंदच होती.

म्हणून १९८० च्या जाहीरनाम्यात रिपब्लिकन पक्षाने निरपराध जिवाचे पावित्र्य मानणारे न्यायाधीश नेमण्याचे वचन दिले. गर्भपातविरोधी मतदार या पक्षाला बांधला गेला तो या वचनाने. पण पुढची बारा वर्षे त्याच्या पदरी काय पडले ते पाहा. रेगन यांनी १९८१ मध्ये सँड्रा डे ओ’कॉनर यांना नेमले. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचे नाव सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळले आणि अखेर त्या जागी अँथनी केनेडी आले. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी डेव्हिड सूटर यांना आणले. संघराज्याच्या अपील कोर्टात ते जेमतेम काही महिने बसलेले, त्यामुळे या विषयावर त्यांचे मत सांगणारा कागदच नव्हता. जून १९९२ मध्ये ‘रो’ला आव्हान देणाऱ्या ‘केसी’ खटल्याचा निकाल आला तेव्हा नऊपैकी आठ न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही ‘रो’चा गाभा ५ विरुद्ध ४ ने टिकला आणि तो टिकवणारे संयुक्त निकालपत्र लिहिले ओ’कॉनर, केनेडी आणि सूटर यांनी! डेमोक्रॅट अध्यक्षाने नेमलेले एकटे बायरन व्हाइट मात्र ‘रो’च्या विरोधात गेले.

ही फसगत त्या मतदाराच्या मनात खोल रुतली. ‘आता आणखी सूटर नकोत’ ही घोषणाच झाली. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला विचारूनही काही कळत नाही. सिनेटच्या न्यायविषयक समितीसमोर तो ‘पूर्वनिकालाचा मान राखीन’ एवढेच म्हणतो. पुढे येऊ शकणाऱ्या खटल्यावर मत द्यायचे नाही, हा तिथला रिवाज. तेव्हा बोलणे सोडून जुने निकाल वाचायचे, हे लोक शिकले. २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी हॅरिएट मायर्स यांचे नाव पुढे केले, तेव्हा कधीच न्यायाधीश न राहिलेल्या या उमेदवारावर स्वपक्षातूनच इतका गदारोळ झाला की ते मागे घ्यावे लागले. त्या जागी सॅम्युअल अलिटो आले, ज्यांची अपील कोर्टातली पंधरा वर्षांची निकालपत्रे समोर होती.

२०१६ चे कोडे इथे सुटते. फेब्रुवारीत अँटोनिन स्कालिया वारले. ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीच सिनेटने होऊ दिली नाही, म्हणजे खुर्ची थेट मतदारांसमोर रिकामी ठेवली. ट्रम्प यांनी त्या खुर्चीसाठी आधी ११ आणि मग आणखी १० नावांची यादी छापून दिली. भाषणावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही, यादी हातात होती. मतदानोत्तर चाचणीत २१ टक्के मतदारांनी या नेमणुका हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला. त्यांतील ५६ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले, ४१ टक्के क्लिंटन यांच्याकडे.

वचन पाळलेही गेले. एप्रिल २०१७ मध्ये शंभर जणांच्या सिनेटने सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठीची ६० मतांची अट काढून साधे बहुमत पुरेसे केले. (खालच्या न्यायालयांसाठी हीच अट डेमोक्रॅटांनी २०१३ मध्ये काढली होती, हे विसरू नये.) ट्रम्प यांनी नेमलेले तिघे असे मंजूर झाले: गोर्सच ५४-४५, कॅव्हनॉ ५०-४८, बॅरेट ५२-४८, आणि बॅरेट तर २०२० च्या अध्यक्षीय मतदानाला आठ दिवस उरले असताना. २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात ‘रो’ पाच मतांनी रद्द झाला. त्या पाचांत हे तिघेही होते.

त्यानंतर मात्र गाठ सैल झाली आहे. प्रश्न राज्यांकडे गेल्यावर कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ ला सुमारे ५९ टक्क्यांनी आणि ओहायोत नोव्हेंबर २०२३ ला सुमारे ५७ टक्क्यांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. ही दोन्ही राज्ये ट्रम्प यांनी जिंकलेली. न्यायाधीश निवडून देणारा मतदार आणि बंदीला मत देणारा मतदार एकच नव्हता, हे पक्षाला तेव्हा कळले. २०२४ च्या जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची मागणी गेली. कडवे समर्थक चिडले, पण दुसरा पक्ष ‘रो’ परत आणू म्हणत असताना ते जाणार कुठे?

न्यायाधीशाचे नाव मतपत्रिकेच्या आडून निवडले जावे, ही पद्धत आम्हाला घातक वाटते, मग निकाल कोणाच्याही बाजूने लागो. पण तो मतदार मूर्ख नव्हता, एवढे तरी मान्य करायला हवे. याच न्यायालयातले क्लॅरेन्स थॉमस १९४८ साली जन्मलेले आणि अलिटो १९५० साली. यांपैकी एखादी जागा रिकामी झाल्याची बातमी आपण द्याल तेव्हा सुचवलेल्या व्यक्तीचा धर्म आणि शिक्षण यांबरोबर सिनेटमधले पक्षीय बलाबल आणि तिने अपील कोर्टात लिहिलेले निकाल, एवढे जरूर छापावे ही विनंती.

कळावे,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारे काही वाचक, नाशिक